पण लक्षात कोण घेतो? (कादंबरी)

'पण लक्षात कोण घेतो?' (जुन्या लेखनपद्धतीनुसार 'पण लक्षांत कोण घेतो') ही हरि नारायण आपटे (१८६४–१९१९) यांची सामाजिक कादंबरी होय. आपटे यांनी स्वतः चालविलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून ती १८९० ते १८९३ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. यमुना ऊर्फ यमू या ब्राह्मण घरातील मुलीने, पुढे विधवा झाल्यावर, आपली जीवनकहाणी स्वतः लिहून ठेवली आहे, अशी या कादंबरीची रचना आहे. लेखक पुरुष असूनही संपूर्ण निवेदन स्त्रीच्या तोंडी आहे. मराठी कादंबरीतील पहिली ठसठशीत स्त्री-निवेदक म्हणून यमूचा उल्लेख सर्वत्र केला जातो. ग्रंथवर्गीकरणात ही कादंबरी 'सामाजिक' या सदरात पडत असली, तरी तीन वर्षे आठवड्यामागून आठवडे वाचकाला बांधून ठेवणारी तिची उत्कंठा ही रहस्यकथेच्या तोडीची आहे. तिच्यावरील वाचकांच्या प्रेमाचे निम्मे कारण या उत्कंठेत, तर निम्मे यमूच्या आवाजात आहे.

पार्श्वभूमी

हरिभाऊ आपटे यांचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातील पारोळे येथे झाला. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकत असताना त्यांना विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर व टिळक यांचा सहवास लाभला. इंग्रजी कादंबऱ्यांचे त्यांचे वाचन अफाट होते. त्यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' (१८८५) ही रेनॉल्ड्स या त्या काळी भारतात अतिशय लोकप्रिय असलेल्या इंग्रज लेखकाच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन' या कादंबरीच्या प्रेरणेने लिहिलेली आहे. रेनॉल्ड्स हा रहस्ये, कारस्थाने व शहरातील गुप्त पापे यांचा कथाकार होता. त्याच्याकडून हरिभाऊंनी कथानकापेक्षा एक युक्ती अधिक उचलली. ती म्हणजे प्रकरण अशा ठिकाणी सोडायचे की पुढचा अंक हाती येईपर्यंत वाचकाला चैन पडू नये. 'मधली स्थिती'पासूनच्या आपल्या सामाजिक कादंबऱ्यांना त्यांनी 'आजकालच्या गोष्टी' असे मालानाम दिले होते.

त्यापूर्वीच्या मराठी कादंबरीत हलबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) यांसारख्या अद्भुतरम्य कथांचा भरणा होता. बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' (१८५७) हीच काय ती ठळक अपवाद म्हणता येईल. हिंदू विधवांची स्थिती हाच तिचा विषय आहे आणि तिच्या नायिकेचे नावही यमुनाच आहे. हा नामसाम्याचा योग अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेला नाही. तथापि पदमनजींची यमुना प्रवास करते, पाहते, ऐकते आणि तिच्याविषयीची हकीकत लेखक सांगतो. हरिभाऊंची यमू स्वतः बोलते. तेहतीस वर्षांत मराठी कादंबरीने टाकलेले हे पाऊल लहान नव्हते.

कथानक

(या विभागात कादंबरीच्या शेवटाचा उल्लेख आहे.)

कथेचा आरंभ यमूच्या बालपणापासून होतो. कडक स्वभावाचे वडील, सोशिक आई, आजी, आणि यमूवर जीव टाकणारा थोरला भाऊ गणपत, म्हणजे तिचा 'दादा', असे हे पुण्यातील मध्यमवर्गीय घर आहे. शेजारची दुर्गी ही यमूची जिवाभावाची मैत्रीण. भातुकली, रुसवेफुगवे, दादाशी चाललेली भांडणे यांच्या वर्णनात पहिली कितीतरी प्रकरणे जातात. हा भाग काहींना पाल्हाळाचा वाटतो. परंतु पुढे जे घडते त्याची धार याच पाल्हाळावर परजली गेली आहे, हे दुसऱ्या वाचनात ध्यानात येते.

यमूचे लग्न रघुनाथरावांशी होते. दुर्गीच्या वाट्याला उनाड व छळवादी नवरा येतो. यमूची आई मरण पावते आणि वडील एका अल्पवयीन मुलीशी दुसरे लग्न करतात. सासरच्या घरात शंकरमामंजी या गृहस्थांचा वचक आहे. बाहेरून धर्मनिष्ठ, आतून दुराचारी अशा या पात्राचे चित्रण मराठी कथेतील खलपुरुषांत आजही वरच्या क्रमांकाचे मानावे लागेल. रघुनाथराव मात्र नव्या विचारांचे आहेत. ते यमूला लिहावाचायला शिकवितात. पुढे मुंबईस बिऱ्हाड केल्यावर सुधारक कुटुंबांशी तिचा परिचय होतो आणि तिला स्वतःची मते सुचू लागतात. मुंबईतील ही प्रकरणे कादंबरीतील सर्वांत सुखाची होत.

मग रघुनाथरावांचा अकाली मृत्यू होतो. यमूला सासरी परत यावे लागते आणि शंकरमामंजींच्या पुढाकाराने तिचे जबरीने केशवपन केले जाते. नंतरची कथा थोडकी आहे. भावाच्या आधाराने ती उरलेले दिवस काढते, आपली हकीकत लिहून काढते आणि तिच्या मृत्यूने ग्रंथ संपतो.

निवेदन आणि उत्कंठा

रहस्यकथेत पुढे काय होणार हे वाचकाला ठाऊक नसते. येथे उलट आहे. आपल्या कहाणीचा शेवट सुखाचा नाही हे यमू आरंभापासूनच सूचित करीत राहते. बालपणीच्या एखाद्या गमतीच्या प्रसंगाच्या मधोमध ती थबकते आणि आजच्या आपल्या स्थितीकडे ओझरता निर्देश करून पुन्हा गोष्टीकडे वळते. त्यामुळे वाचकाला संकट येणार हे कळते, पण ते कोठून, कधी आणि कोणाच्या हातून येणार हे कळत नाही. रघुनाथरावांचा प्रत्येक समंजस शब्द वाचताना वाचकाच्या मनात भीती दाटते. मुंबईची सुखाची प्रकरणे तर जवळजवळ श्वास रोखूनच वाचावी लागतात.

दुसरे सूत्र शंकरमामंजींचे आहे. यमू वयाने लहान असताना त्यांच्याविषयी जे पाहते त्याचा पूर्ण अर्थ तिला उमगत नाही. वाचकाला तो आधी उमगतो. निवेदकाला कमी आणि वाचकाला अधिक कळावे, ही किमया साधायला फार संयम लागतो. हरिभाऊंच्या नंतरच्या पाल्हाळिक ऐतिहासिक कादंबऱ्यांत तो संयम दरवेळी टिकलेला दिसत नाही.

युरोपीय वाङ्मयात याचे जवळचे उदाहरण विल्की कॉलिन्स यांच्या 'द वुमन इन व्हाइट' या कादंबरीचे आहे. ती १८५९–६० मध्ये डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातील मोठा भाग मॅरियन हॅलकम या बुद्धिमान स्त्रीच्या रोजनिशीच्या रूपात आहे, आणि ती वाचकांच्या विलक्षण आवडीची झाली. डिकन्स यांच्या 'ब्लीक हाउस' (१८५२–५३) मध्येही अर्धे निवेदन एस्थर या तरुणीचे आहे. स्त्रीचे प्रथमपुरुषी निवेदन व साप्ताहिकातील क्रमशः प्रकाशन यांची सांगड उत्कंठेला पोषक ठरते, हे त्या भाषेत आधी सिद्ध झाले होते. मात्र मॅरियन संकटातून मार्ग काढते. यमूला मार्ग नाही. तिच्याभोवतीचे कारस्थान कुणा एका दुष्टाचे नसून रूढीचे आहे. शंकरमामंजी नसते तरी दुसरे कोणी हे काम केले असते, याची जाणीव वाचकाला हळूहळू होते. कादंबरीतील खरे भय हेच आहे.

भाषेविषयीही लिहिणे आवश्यक आहे. हरिभाऊंच्या आधीच्या गद्यावर संस्कृतप्रचुर, अलंकृत शैलीची छाप होती. यमू माजघरात बोलली जाणारी मराठी लिहिते. म्हणी, टोमणे, बायकांच्या संभाषणातील अर्धी तोडलेली वाक्ये, मुलींची लाडीक संबोधने हे सर्व तिच्या लेखनात सहज उतरते. तिच्या भाषेतही वाढ दिसते. बालपणाचा भाग आणि मुंबईहून परतल्यानंतरचा भाग शेजारी ठेवून वाचल्यास एकच बाई वेगवेगळ्या वयांची कशी ऐकू येते, हे विद्यार्थ्यांनी पडताळून पाहण्यासारखे आहे.

वाचक आणि काळ

'करमणूक' साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झाले. नावाप्रमाणे मनोरंजन आणि त्याबरोबर बोध, असा त्याचा हेतू होता. याच सुमारास महाराष्ट्रात स्त्रियांच्या प्रश्नावरून रणे माजली होती. रखमाबाईंचा खटला १८८८ मध्ये मिटला होता. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. संमतिवयाचा कायदा मार्च १८९१ मध्ये संमत झाला. मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी शारदा सदनातील गोदूबाई या विधवेशी विवाह केला. म्हणजे यमूची प्रकरणे वाचकांच्या हाती पडत होती, त्याच आठवड्यांत वृत्तपत्रांच्या दुसऱ्या स्तंभांत तिच्याच प्रश्नावर कडाक्याचे वाद चालू होते. वादात पक्ष घेता येतो. यमूच्या बाबतीत तो घेता येत नाही, कारण ती वाद घालीत नाही. ती सांगते.

त्या काळी साक्षर स्त्रियांचे प्रमाण अत्यंत अल्प होते. त्यामुळे कादंबरी पोहोचण्याचा एक महत्त्वाचा मार्ग म्हणजे घरात कोणीतरी मोठ्याने वाचणे व बाकीच्यांनी ऐकणे हा होता. लिहिलेले वाचून दाखविणारा मुलगा किंवा दीर, आणि ऐकणारी आई, वहिनी, आत्या अशा मैफलीत यमूचे 'मी' हे सर्वनाम कसे ऐकू आले असेल, याची कल्पना करता येते. ज्या घरात एखादी सोवळी बाई दाराआड बसून ऐकत असेल, तेथे केशवपनाचे प्रकरण मोठ्याने वाचणे सोपे गेले नसणार.

सातारा–सांगली परिसराशी संबंध

कादंबरीची स्थळे पुणे आणि मुंबई ही आहेत. तथापि तिच्यामागील वैचारिक व कौटुंबिक अनुभवविश्वाचा एक मोठा धागा कृष्णाकाठच्या प्रदेशातून येतो. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी स्वतंत्र नव्हता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे पुढील व्यक्तींपैकी काहींची जन्मगावे जुन्या ग्रंथांत 'सातारा जिल्हा' म्हणून नोंदलेली आढळतात.

गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) हे कऱ्हाड तालुक्यातील टेंभूचे. १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' पत्र काढले आणि बालविवाह, केशवपन यांवर तर्काचे आसूड ओढले. हरिभाऊ हे त्यांचे विद्यार्थी. तरीही आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) हे भाषांतर केले, तेव्हा हरिभाऊंनी विद्यार्थिदशेतच त्यावर सविस्तर टीकालेख लिहिला होता. गुरूचे विचार घ्यायचे पण त्याची री ओढायची नाही, ही वृत्ती कादंबरीतही दिसते. रघुनाथरावांच्या तोंडी सुधारणेची मते येतात, मात्र कादंबरी निबंध होत नाही.

काशीबाई कानिटकर (१८६१–१९४८) यांचा जन्म आष्टे (आजचे आष्टा, वाळवा तालुका) येथे झाला. माहेर बापटांचे. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. वाचायला त्या लग्नानंतर, पतीच्या इच्छेखातर व सासरच्यांच्या नजरा चुकवून शिकल्या. पुढे 'रंगराव' ही कादंबरी, 'पालखीचा गोंडा' आणि डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र हे त्यांचे लेखन प्रसिद्ध झाले. हरिभाऊंशी त्यांचा दीर्घकाळ वाङ्मयीन स्नेह होता. पुरुष लेखकाला माजघराचे इतके बारकावे कसे कळले, या प्रश्नाचे उत्तर शोधताना अभ्यासक या स्नेहाकडे बोट दाखवितात. सरोजिनी वैद्य यांनी संपादिलेले काशीबाईंचे आत्मचरित्र व चरित्र (१९७९) आणि मीरा कोसंबी यांचा इंग्रजी ग्रंथ (२००८) या दृष्टीने वाचनीय आहेत. यमूच्या आवाजात काशीबाईंचा वाटा नेमका किती, हे मोजून सांगता येणार नाही. पण तो शून्य होता असे मानणे कठीण आहे.

रमाबाई रानडे या माहेरच्या कुर्लेकर. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे हेही आज सांगली जिल्ह्यात आहे. १८७३ मध्ये अकराव्या वर्षी त्यांचा न्यायमूर्ती रानडे यांच्याशी विवाह झाला. पतीकडून शिकणे, त्याबद्दल घरातील बायकांचे टोमणे सोसणे, असा त्यांचा अनुभव 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) मध्ये आला आहे. तो वाचताना यमूची आठवण पदोपदी होते. कादंबरी आधी आली, आठवणी नंतर. कल्पित यमूने जे सांगितले त्याला जिवंत स्त्रीची साक्ष सतरा वर्षांनी मिळाली, असे म्हणता येईल. रमाबाईही विधवा झाल्यावर हे पुस्तक लिहीत होत्या, आणि त्यांच्या वाट्याला यमूपेक्षा फार वेगळे वैधव्य आले. पुण्याच्या सेवासदनाचे कार्य त्यांनी याच काळात उभे केले.

बाला-जरठ विवाहाचा प्रश्न रंगभूमीवर आणणारे 'संगीत शारदा' (१८९९) हे नाटक सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे. यमूच्या वडिलांच्या दुसऱ्या लग्नाचा कादंबरीतील धागा तेथे नाटकाचा मुख्य विषय झालेला दिसतो. मात्र देवलांनी ही प्रेरणा हरिभाऊंकडून घेतली, असे म्हणण्यास हे साम्य पुरेसे नाही.

समीक्षा

कुसुमावती देशपांडे यांनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' या ग्रंथात हरिभाऊंना मध्यवर्ती स्थान दिले आहे. मराठीतील वास्तववादी कादंबरीचा आरंभ या कृतीपासून मानण्याचा प्रघातही रूढ आहे. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या प्रवृत्तींची मांडणी करताना 'यमुनापर्यटन'ला मूळ प्रवाहाचा मान दिला, त्यामुळे आद्यत्वाचा प्रश्न नव्याने चर्चेत आला. 'पहिली' कोण या वादात फार वेळ घालविण्याचे कारण नाही. आवाजाच्या दृष्टीने यमूच्या आधी तिच्यासारखी कोणी नाही, एवढे निश्चित.

आक्षेपही आहेत आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत. यमूचे जग पुण्यामुंबईतील ब्राह्मण मध्यमवर्गापुरते मर्यादित आहे. जोतीराव फुले आणि सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्येच ब्राह्मण विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. विधवेच्या दुःखाची ती अधिक अंधारी बाजू या कादंबरीत जवळजवळ येतच नाही. दुसरा आक्षेप यमूच्या सोशिकपणावर घेतला जातो. ती बंड करीत नाही, फक्त लिहिते. यावर असे उत्तर दिले जाते की तिच्या परिस्थितीत लिहिणे हेच बंड होते. हे उत्तर अर्धेच पटते. लिहिण्याचे बंड वाचकाच्या उपयोगी पडले, यमूच्या नाही. शीर्षकातील प्रश्नचिन्ह याच जागी बोचते.

पुरुषाने स्त्रीचा 'मी' उसना घ्यावा काय, हा प्रश्न अलीकडे अधिक विचारला जातो. हरिभाऊंनंतर थोड्याच वर्षांत स्त्रियांची स्वतःची आत्मकथने येऊ लागली. त्यांपैकी लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४–३७) जो विनोद आणि जी निर्भीडता आहे, ती यमूत नाही. तुलना केली पाहिजे, पण कालक्रम विसरून नव्हे.

पुढील परंपरा

स्त्रीच्या तोंडून कथा सांगण्याची पद्धत मराठीत टिकली. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर यांच्या 'ययाति' (१९५९) मध्ये देवयानी व शर्मिष्ठा आपापली बाजू स्वतः मांडतात. लोकप्रिय रहस्यकादंबरीच्या क्षेत्रात जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीचा उल्लेख करावा लागेल. मिरजेत जन्मलेले दिग्दर्शक राजा परांजपे यांनी तिच्यावरून 'पाठलाग' (१९६४) हा चित्रपट काढला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीसाठीचे राष्ट्रपती रौप्यपदक मिळाले, आणि राज खोसला यांनी तो 'मेरा साया' (१९६६) या नावाने हिंदीत आणला. पत्नी गमावलेल्या वकिलासमोर तिच्यासारखीच दिसणारी आरोपी स्त्री उभी राहते आणि आपणच ती पत्नी असल्याचे सांगू लागते, हे त्यातील रहस्य. घरातील बारीकसारीक खुणा ती एकामागून एक सांगते, तरी तिच्यावर विश्वास बसत नाही. विषय, काळ, हेतू सर्व भिन्न असले, तरी स्त्रीने स्वतःविषयी सांगितलेले खरे मानायचे की नाही, या एका प्रश्नावर सारी उत्कंठा तोललेली आहे. यमूच्या शीर्षकाशी त्याचे नाते लांबचे असले तरी आहे.

संहिता व उपलब्धता

ग्रंथरूपाने कादंबरीच्या अनेक आवृत्त्या निघाल्या असून त्यांत लेखनपद्धतीचे फरक आहेत. जुन्या आवृत्त्यांत अनुच्चारित अनुस्वार कायम आहेत, नव्या आवृत्त्यांत ते काढले गेले आहेत. भाषेचा अभ्यास करणाऱ्याने शक्य तेथे जुनी प्रत पाहावी. लेखकाच्या निधनास शंभराहून अधिक वर्षे झाल्यामुळे संहिता स्वामित्वहक्कमुक्त आहे.

जुन्या प्रती प्रामुख्याने नगर वाचनालयांतून आढळतात. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या सांगलीच्या नगर वाचनालयात ऑगस्ट २०१९ च्या महापुराचे पाणी शिरून मोठ्या प्रमाणावर ग्रंथ भिजले. एकोणिसाव्या शतकातील साप्ताहिकांचा कागद आधीच ठिसूळ असतो. 'करमणूक'चे मूळ अंक ज्या संस्थांकडे किंवा घरांत असतील, त्यांनी त्यांचे छायाचित्रण करून ठेवणे अगत्याचे आहे. क्रमशः छपाईत प्रकरण कोठे तोडले होते, हे पुस्तकावरून कळत नाही. ते फक्त अंकांवरून कळते.